पोटात पाय: बागेतल्या बाहुलीखेळाच्या नोंदी

२ फेब्रुवारी, रविवार

बागेच्या समितीने होकार दिला. अटी दोनच. वाफ्यांना धक्का लागता कामा नये, आणि खेळ मोफत हवा, कारण बाग सगळ्यांची आहे. दुसरी गोष्ट आमच्या मनात आधीपासून होतीच. त्यांनीही तीच अट घातली, त्यामुळे बरं वाटलं.

आम्ही चौघं आहोत: मी, ताई, ताईचा तेरा वर्षांचा मुलगा आणि शेजारचे काका, ज्यांचा हात लाकडावर चांगला बसलेला आहे. ताईने आणि मी आजवर शाळेच्या वर्गांत हातमोजाबाहुल्यांचे खेळ केले. चार भिंती, दार लावलेलं, मुलं ओळीने बसलेली. बागेत यातलं काहीच नसणार, म्हणून आज संध्याकाळी तिथे तासभर नुसती बसून राहिले.

ही शोभेची बाग नाही. चौदा वाफे चौदा घरांना वाटून दिलेत. पाण्याची टाकी, खताचा खड्डा, खुरपी आणि झाऱ्या सगळ्यांच्या. तासाभरात एकतीस माणसं फाटकातून आत आली. बहुतेक घरं एकत्र येतात आणि आत शिरल्या शिरल्या पांगतात. आजी वाफ्याकडे, बाबा झारी भरायला, आई फोनवर बोलत कुंपणाच्या कडेला, मूल थेट चिखलात. मला करायचंय ते एवढंच: पांगलेलं घर थोडा वेळ एका सतरंजीवर आणायचं.

४ फेब्रुवारी

ताईशी फोनवर लांबलचक बोलणं झालं. ती म्हणाली, "अगं, वर्गातल्या मुलांना उठून जाता येत नाही, म्हणून आपला खेळ शेवटपर्यंत चालतो. इथे दारच नाही." तिचं म्हणणं पटलं आणि थोडं लागलंही. आमच्या सगळ्या गोष्टी सुरुवातीपासून पाहिल्या तरच कळणाऱ्या आहेत. पहिली पाच मिनिटं चुकली की पुढचं सगळं निसटतं. बागेत एखादा दहाव्या मिनिटाला येईल, पंधराव्याला निघून जाईल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. मोफत म्हणजे केवळ तिकीट नाही असं नव्हे. माणूस केव्हाही येऊ शकतो आणि केव्हाही जाऊ शकतो, असा त्याचा अर्थ. खेळाची बांधणीच त्यासाठी बदलायला हवी.

उघड्यावर खेळणाऱ्यांना हे कायमच ठाऊक होतं. राजस्थानातले भाट कठपुतळीचा खेळ तुकड्यातुकड्यांनी रचतात. नाचणारी येते, घोडेस्वार येतो, गारुडी येतो. प्रत्येक तुकडा आपल्या पायावर उभा. पीटर शुमन यांचं 'ब्रेड अँड पपेट थिएटर' १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं आणि १९७० मध्ये व्हरमाँटला गेलं. तिथे उघड्या कुरणावर माणसापेक्षा मोठ्या, कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या चालतात. लांबून येणाऱ्याला आधी त्या दिसतात आणि मग तो जवळ येतो. आमच्याकडे एवढ्या मोठ्या बाहुल्या करायला माणसं नाहीत. सुटे तुकडेही नकोत, मला एकच गोष्ट सांगायची आहे. मग उशिरा आलेल्याला गोष्ट कुठवर आली ते कसं कळणार? अजून सुचलेलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सुचलं, आणि तेही भाच्यामुळे. टाकीजवळची कुंडी उचलल्यावर त्याला खाली गोगलगाय दिसली. वरची दोन शिंगं बाहेर, त्यांच्या टोकांवर डोळे, खाली दोन आखूड शिंगं. त्याने कंपासपेटीतली पट्टी तिच्या शेजारी ठेवली आणि मनगटावरचं घड्याळ लावलं. दहा सेंटिमीटर जायला तिला एक मिनिट बेचाळीस सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटर. आम्ही दोघं ओणवे होऊन ते सगळं अंतर बघत राहिलो. मागून तिघंजण येऊन उभे राहिले. कुणी हलेना. इतक्या सावकाश चालणाऱ्या प्राण्याकडे पाच माणसं डोळे लावून बघत होती, आणि मधेच आलेल्या काकूंनी काही न विचारता ओळखलं की ही त्या पट्टीच्या टोकाकडे निघाली आहे.

हेच हवं होतं. बाहुल्यांच्या चौकटीची फळी आम्ही १८० सेंटिमीटरची धरली आहे. दोन्ही टोकांना नऊ-नऊ सेंटिमीटर सोडले तर उरतात १६२. सेकंदाला एक मिलिमीटरने तेवढं अंतर कापायला बरोबर सत्तावीस मिनिटं लागतात. म्हणजे खेळ सत्तावीस मिनिटांचा. पहिल्या क्षणी एक गोगलगाय डाव्या टोकाहून निघेल आणि शेवटच्या क्षणी उजव्या टोकाच्या रोपाशी पोचेल. पुढे-मागे बाकीच्या बाहुल्यांची धावपळ चालू राहील. केव्हाही आलेल्या माणसाने तिच्याकडे बघितलं की किती झालं, किती उरलं आणि काय होणार आहे ते त्याला दिसेल.

गोष्ट: माळीणबाईंची घेवड्याची रोपं रोज रात्री कुणीतरी खातं. त्या चिमणीला विचारतात, खारीला दरडावतात, उंदराच्या मागे धावतात. चोर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून चाललेला आहे, पण फक्त त्यांनाच दिसत नाही. नाव आपल्या म्हणीनेच दिलं: 'पोटात पाय'. गोगलगाय आणि पोटात पाय, असं आपण आतल्या गाठीच्या माणसाला म्हणतो. पण म्हण प्राण्याच्या बाबतीतही शब्दशः खरी आहे. तिच्या पोटाचा तळ हाच तिचा एकुलता एक पाय. प्राणिशास्त्रात या गटाचं नावच उदरपाद.

१६ फेब्रुवारी

डोकी करायला घेतली. शाडूचा गोळा, त्यावर पातळ ओलं फडकं, मग खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या. एक थर वर्तमानपत्राचा, दुसरा खाकी कागदाचा, असं आलटून पालटून लावलं. रंग बदलला की कुठे थर राहिला ते लगेच दिसतं. सहा थर झाले. कागद कापायचा नाही, फाडायचा. फाटलेली कड पातळ असते, एकमेकीत मिसळून जाते. कापलेल्या कडेची रेघ रंगाखालूनही डोकं वर काढते.

माळीणबाईंचं डोकं पहिल्या वेळी वाया गेलं. घाई करून ओलं असतानाच पिशवीत ठेवलं आणि आतून बुरशी धरली. दुसरं खिडकीत चार दिवस वाळवलं.

२३ फेब्रुवारी

आजचा अख्खा दिवस डोळ्यांत गेला.

बाहुली मुलांच्या डोक्यापेक्षा वर असते. डोळे सरळ समोर रंगवले तर ती सगळ्यांच्या वरून, मागच्या झाडाकडे बघते. म्हणून चेहरा किंचित खाली झुकवलाय आणि बुबुळं मधल्यापेक्षा जराशी खाली काढली आहेत. रंग सगळा बिनचकाकीचा, कारण उन्हात चकचकीत गाल नुसते लकाकतात आणि चेहरा दिसत नाही. चकाकी फक्त बुबुळात, मोहरीएवढा एक ठिपका वॉर्निशचा. तो ठिपका लावायच्या आधी ताईने बाहुली हातावर चढवून माझ्याकडे वळवली तेव्हा ते एक रंगवलेलं डोकं होतं. ठिपका लावून पुन्हा वळवली तेव्हा माळीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं बाहुल्या करतेय, तरी त्या क्षणी अंगावर काटा येतोच.

गोगलगाईची शिंगं जुन्या मोज्याच्या पातळ कापडाची केली. प्रत्येक शिंग म्हणजे पेन्सिलीएवढी नळी, टोकाला काळा मणी, मण्याला आतून बांधलेला दोरा. दोरा ओढला की मणी आधी आत जातो आणि नळी स्वतःतच उलटत आत शिरते. खऱ्या गोगलगाईचं अगदी असंच होतं. शिंग नुसतं आखडत नाही, हातमोज्याचं बोट उलटं करावं तसं आत ओढलं जातं. दोरा सैल केल्यावर ते पुन्हा बाहेर यायला हवं, म्हणून आत बारीक स्प्रिंग घातली. नवव्या प्रयत्नात जमलं.

२ मार्च, रविवार

काकांनी चौकट उभी केली. चार पाय, वर दोन आडव्या दांड्या, सगळे सांधे बोल्टचे. दोघांनी वीस मिनिटांत उभारता येते. फळीची उंची एवढी ठेवायची की तिच्या मागे उभ्या माणसाचं डोकं दिसणार नाही. ताई माझ्याहून चार बोटं उंच आहे, म्हणून फळी तिच्या मापाने, आणि माझ्या पायाखाली पाट.

गोगलगाईची यंत्रणा काकांचीच. फळीच्या पुढच्या कडेला पडद्याची पन्हळ ठोकली, तिच्यातल्या चाकावर गोगलगाय बसवली, चाकाला दोरा बांधला आणि दोरा उजव्या टोकाच्या रिळावर घेतला. काकांनी रीळ बरोबर सहा सेंटिमीटर घेराचं कातलं. का, ते मला आधी कळेना. मिनिटाला सहा सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला रिळाचा एक फेरा. भाच्याने घड्याळ समोर टांगायचं आणि सेकंदकाट्याबरोबर मूठ फिरवायची. रीळ रुंद ठेवलंय, म्हणजे दोरा शेजारीशेजारी बसतो. एकावर एक चढला तर घेर वाढून तिचा वेग वाढेल. मी काकांना म्हटलं, "काका, एवढा काटेकोरपणा कुणाला कळणार आहे?" ते म्हणाले, "गोगलगाईला."

९ मार्च, रविवार

बागेत पहिली तालीम, प्रेक्षक नाहीत. आम्हाला सावली मिळावी म्हणून चौकट पश्चिमेकडे मोठ्या झाडापाशी लावली. बाहेरून बघायला मी पुढे गेले आणि हबकलेच. ऊन मागून येत होतं आणि पडद्यावर ताईची अख्खी सावली उमटली होती. माळीणबाई वर बोलतायत आणि खाली ताई खाजेने पाय खाजवतेय, तेही दिसतंय. शिवाय बाहुल्यांच्या मागे उजेड असल्याने चेहरे काळे. छायाबाहुल्यांना हाच उजेड हवा असतो, आम्हाला उलटा हवा. सूर्य प्रेक्षकांच्या पाठीशी आणि बाहुल्यांच्या तोंडावर. म्हणजे संध्याकाळी चौकट पूर्वेला, तोंड पश्चिमेकडे. ऊन आमच्या डोळ्यांत येईल, त्यासाठी पुढे झाप असलेल्या टोप्या. पडद्याला आतून गडद अस्तरही लावायचं.

वाऱ्याचंही बघावं लागलं. समोरचा पडदा शिडासारखा फुगतो आणि चौकट सगळी मागे कलते. काकांनी प्रत्येक पायाला पाण्याने भरलेला दहा लिटरचा कॅन बांधला. पडद्याच्या खालच्या दुमडीत वाळूची लांब पिशवी शिवायची आहे, ते माझ्याकडे.

१६ मार्च, रविवार

पहिला खेळ. आधी चांगलं लिहिते, नाहीतर ते राहूनच जाईल.

पहिल्या चार मिनिटांत अकरा मुलं होती, विसाव्या मिनिटाला तीसच्या वर, आणि मोठी माणसंही बरीच. उशिरा आलेल्या मुलांना आधी आलेली मुलंच सांगत होती, "ती बघ, ती खाली, हळूहळू चाललीये, तिनेच खाल्लंय!" हे मी पडद्यामागून ऐकलं. माळीणबाई उंदरावर ओरडल्या तेव्हा सगळी बाग ओरडली, "तो नाही! तो नाही!" गोगलगाईने शिंगं आत घेतली की एक मुलगी प्रत्येक वेळी श्वास ओढायची. तिचा तो आवाज मला अजून ऐकू येतोय.

आता दुसरं. चौकट पूर्वेला हलवल्यामुळे प्रेक्षक बसले ते कोपऱ्यातल्या वाफ्याला लागून. सतरंजी भरली, मागून आलेली माणसं कडेला उभी राहिली, त्यांच्या मागची आणखी कडेला, आणि खेळ संपला तेव्हा त्या वाफ्यात पावलांचे ठसे होते. नऊ रोपं मोडली होती. घेवड्याचीच. त्या वाफ्याचे आजोबा तिथे होते. ते काही बोलले नाहीत. वाकून एक रोप उचललं, मुळाची माती झटकली आणि खताच्या खड्ड्याकडे गेले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

समितीने घातलेली पहिलीच अट आम्ही मोडली.

१७ मार्च

सकाळी सात वाजता ताई आणि मी बागेत. आजोबा आधीच आलेले. मी म्हटलं, "आजोबा, चूक आमची आहे. तुम्ही सांगाल तसं आम्ही लावून देतो." त्यांनी खुरपं माझ्या हातात दिलं. दाबलेली माती आधी उकरून सैल करायची, मग आच्छादन, मग बी, दोन बोटं खोल. दोन तास गेले. कामाच्या मधेच ते म्हणाले, "तुमची गोष्ट मी मागून पाहिली. शेवट खोटा आहे."

आमच्या शेवटात गोगलगाय रोपापाशी पोचते, त्याला मिठी मारते आणि सांगते की मी तर फक्त भेटायला आले होते. मुलांना गोड वाटेल म्हणून मीच लिहिलं होतं. आजोबा म्हणाले, "गोगलगाय रोप खाते, बाळ. मुलं रोज बागेत बघतात. त्यांना खोटं कशाला सांगायचं? ती कुजलेला पालाही खाते. तिला उचलून खड्ड्यात सोडायचं आणि पुन्हा बी लावायचं. मी चाळीस वर्षं तेच करतोय." हातातली माती तशीच ठेवून मी ऐकत राहिले.

शेवट आजच बदलला. आता ती पान खाते. कागदी पानाचा एक तुकडा बारीक दोऱ्याने निघून तिच्या तोंडाखाली जातो. माळीणबाई तिला पहिल्यांदाच बघतात, बराच वेळ काहीच बोलत नाहीत, मग तिला दोन्ही हातांत उचलून पाल्याच्या ढिगावर ठेवतात आणि नवं बी पेरतात.

२१ मार्च

आज जागतिक बाहुलीनाट्य दिन. बाहुलीकारांची आंतरराष्ट्रीय संघटना 'युनिमा' १९२९ साली प्रागमध्ये स्थापन झाली. संध्याकाळी भाच्याला सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या ठाकर कलाकारांबद्दल सांगितलं. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी, या तिन्ही कला त्या समाजाने जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात या कलांचं संग्रहालय उभं केलं. भाच्याने विचारलं, "मग सूत्रधार म्हणजे दोरा धरणारा?" शब्दाचा अर्थ तोच, सूत्र धरणारा. तेव्हापासून तो रिळाची मूठ धरताना ताठ उभा राहतो.

३० मार्च, रविवार

त्याच बागेत दुसरा खेळ. बदल असे केले. चौकट मधल्या फरशीच्या वाटेवर, थोडी तिरकी. खेळ अर्ध्या तासाने उशिरा, म्हणजे ऊन झाडामागे उतरलेलं असतं आणि तिरकं लावलं तरी चालतं. वाफ्यांच्या कडेने गुडघ्याएवढ्या उंचीवर सुतळी आणि तिच्यावर रंगीत चिंध्या. दोघं स्वयंसेवक वाफ्यांपाशी उभे राहिले. त्यांतले एक आजोबा, आपणहून.

वाटेवर जागा घेतल्याचा आणखी एक फायदा झाला, जो माझ्या ध्यानात आधीच यायला हवा होता. चाकाच्या खुर्चीवर येणारा एक मुलगा पहिल्यांदाच पुढच्या रांगेत होता. मातीत त्याची चाकं रुततात, म्हणून मागच्या वेळी तो फाटकापाशीच थांबला होता, असं त्याच्या आईने नंतर सांगितलं. इथून पुढे आधी खुर्चीची जागा आखायची, मग सतरंजी.

सतरंजी फळीपासून दोन मीटर मागे. त्याहून जवळ बसलेल्या मुलांना मान वर करून बघावं लागतं आणि गोगलगाय कडेआड जाते.

वाफ्यात एकही पाऊल नाही. खेळ संपल्यावर चौकटीचे चार कॅन सोडवले. चाळीस लिटर पाणी घरी कशाला न्यायचं? आजोबांनी झाऱ्या आणल्या आणि मुलांनी ते पाणी नव्या घेवड्याला घातलं. हे आता खेळाचाच भाग राहील. मुलांना उठून काहीतरी करायला मिळतं आणि घरंही लगेच पांगत नाहीत.

६ एप्रिल

पावसाने खेळ रद्द. डोकी वेळेत झाकली. पडदा दोन दिवस वाळत होता.

१३ एप्रिल, रविवार

दुसरी बाग. गच्चीवरची, पिंपांत आणि खोक्यांत लावलेली. वारा एवढा की दहा लिटर पुरले नाहीत, प्रत्येक पायाला दोन कॅन लावले. ऐंशी लिटर चार मजले चढवायला इमारतीतली माणसं आली.

इथे उंदीर फळीवर एकदम उसळून आला आणि दीड-दोन वर्षांचं एक मूल घाबरून रडायला लागलं. चूक माझ्या हाताची. बाहुली नेहमी आधी थोडी दिसू द्यावी. कान, मग कपाळ, मग डोळे, आणि मग ती थांबून इकडेतिकडे बघते. लहान मुलांना एवढ्या वेळात ठरवता येतं की हे आपल्याला चालणार आहे की नाही. त्याचे बाबा त्याला लांब घेऊन गेले, पण निघाले नाहीत. शेवटच्या पाच मिनिटांत ते दोघं परत आले. गोगलगाय तेव्हा रोपापासून हातभर अंतरावर होती. दार नसल्याचा हा फायदा मी आधी मोजलाच नव्हता.

२० एप्रिल

माळीणबाईंना आता दोघी मिळून चालवतो. डोकं आणि उजवा हात माझ्याकडे, डावा हात ताईकडे. दोन्ही हातांनी गोगलगाय उचलायची तर त्याशिवाय जमत नाही. जपानच्या बुनराकूत एका बाहुलीला तीन माणसं असतात: एकाकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. पायांची दहा वर्षं, डाव्या हाताची दहा वर्षं, असं तिथे परंपरेने म्हणतात. आम्ही दोन आठवड्यांपासून करतोय. खूण डोळ्यांनी द्यायची नाही, श्वासाने द्यायची. मी श्वास घेतला की ताईचा हात उचलला जातो. आज पहिल्यांदा दोन्ही हात एकदम तिच्या शंखाखाली गेले.

२७ एप्रिल, रविवार

तिसरी बाग. मोठ्या माणसांचा प्रश्न इथे सुटला असं वाटतंय. ती मागे उभी राहतात आणि आपापसात बोलतात, आणि मुलं एकटी बघतात. मग ते कुटुंबाचं बघणं होत नाही. आम्ही एक निळा, हलका, सहा मीटरचा कपडा मोठ्यांच्या हातात दिला. गोष्टीत रात्र होते तेव्हा त्यांनी तो मुलांच्या डोक्यावरून सावकाश न्यायचा. कपडा हातात आला की माणूस बोलायचं थांबतो, कारण आपली पाळी केव्हा येईल याकडे लक्ष द्यावं लागतं. एका आजीबाईंनी कड सोडलीच नाही. रात्र संपून सकाळ झाली तरी त्या दोन्ही मुठींत कापड धरून गोगलगाईकडे बघत होत्या.

जाताना एका गृहस्थांनी विचारलं, "हे करता, पण विकता काय?" मी म्हटलं, "काही नाही." ते थोडा वेळ थांबले. मग कॅन उचलायला लागले.

९ मे

आजच्याच तारखेला १६६२ साली सॅम्युअल पेपिस यांनी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये एका इटालियन बाहुलीवाल्याचा खेळ पाहिला आणि रोजनिशीत लिहून ठेवला. इंग्लंडातल्या बाहुलीखेळाचा प्रसिद्ध नायक 'पंच', त्याचा जन्मदिवस म्हणून तिथे ही तारीख मानतात. पंचचा कर्कश आवाज तोंडात धरलेल्या छोट्या शिट्टीतून निघतो. राजस्थानी कठपुतळीवालाही तोंडात शिट्टी धरतो, तिचं नाव बोली. उघड्यावर माणसाचा आवाज विरतो, शिट्टीचा गर्दीतून पार जातो. ध्वनिक्षेपक आम्ही वापरत नाही. त्याने आवाज खोक्यातून येतो आणि मुलं बाहुलीऐवजी खोक्याकडे बघतात. पण चिमणीला शिट्टीवर बोलतं करायचा विचार आहे. शिट्टीची भाषा कुणाला कळत नाही, म्हणून दुसऱ्या बाहुलीने तिचं म्हणणं पुन्हा बोलून दाखवायचं. "काय म्हणतेस, मी नाही खाल्लं?" त्याने उशिरा आलेल्यालाही सगळं पुन्हा ऐकायला मिळेल.

११ मे, रविवार

पुन्हा पहिली बाग. एकोणिसाव्या मिनिटाला दोरा तुटला.

आम्हाला पडद्यामागे कळलंच नाही. मूठ फिरत होती, रिळावर दोरा गुंडाळला जात होता. बाहेरून एका मुलीचा आवाज आला, "ती थांबली." मग दुसऱ्याचा. मग सगळे गप्प. माळीणबाई खारीला जाब विचारत होत्या, आणि कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. सतरंजीवरची सगळी मुलं गुडघ्यांवर उभी राहून त्या एका जागी थांबलेल्या शंखाकडे बघत होती. रोप पन्नास सेंटिमीटरवर होतं.

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तो घड्याळ हातात घेऊन पडद्याबाहेर आला, सगळ्यांसमोर फळीपुढे उभा राहिला आणि एका बोटाने गोगलगाईला ढकलू लागला, सेकंदकाट्याबरोबर. कुणी हसलं नाही, कुणी विचारलं नाही की हा मुलगा कोण. थोड्या वेळाने पुढचा एक मुलगा आकडे मोजायला लागला, मग रांगेतल्या सगळ्यांनी धरले. माळीणबाईंचं उरलेलं सगळं बोलणं त्या मोजणीवर झालं. आठ मिनिटं. ती पोचली, तिने पान खाल्लं. माळीणबाईंनी श्वास घेतला आणि तिला उचललं.

पाणी घालताना आजोबांच्या वाफ्यात घेवड्याला फुलं आलेली दिसली. खालच्या दोन पानांना भोकं होती.

पुढचा खेळ २५ मे. तोवर करायचं: मेण लावलेला जाड दोरा, पण रिळाचा घेर बिघडता कामा नये, म्हणून काकांना आधी विचारायचं. डाव्या शिंगाची स्प्रिंग बदलायची. निळ्या कपड्याची एक कड उसवलीये.